१०८ की ५०? फोटोसाठी स्वस्तातला मोबाईल : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की पंधरा-वीस हजारांत फोटोसाठी चांगला मोबाईल कसा बघायचा यावर प्रश्न पाठवा, तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून इतके मेसेज आले की सगळे छापायचे तर अर्धा अंक भरेल, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून सात घेतलेत. बऱ्याच जणांनी एकाच ओळीत विचारलंय, "भाऊ, मॉडेलचं नाव सांगा ना." नाव मी मुद्दाम देत नाहीये. या किमतीतली मॉडेलं सहा-आठ महिन्यांत बदलतात, एकाच नावाला पुढे प्लस, प्रो, लाइट असे चार प्रकार असतात आणि चौघांचा कॅमेरा वेगळा, आज मी नाव सांगायचं आणि तुम्ही दिवाळीला दुकानात जाऊन त्याच नावाचा भलताच फोन घेऊन यायचं, असं व्हायला नको. मी भुसावळात वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता लोक मोबाईल घेण्याआधी मला दाखवायला आणतात, तर पारखायचं कसं तेवढं मनापासून सांगतो.

प्रश्न : आमची केळी आहे सावद्याजवळ. व्यापारी आता बागेत यायच्या आधी घडाचे फोटो मागतो, पानावर काही दिसलं की ग्रुपवर फोटो टाकून विचारावं लागतं, शिवाय घरात लग्नकार्य असतंच. बजेट अठरा हजार. दुकानदार म्हणतो १०८ मेगापिक्सेलचा घ्या, ५० च्या डबल आहे. आमचा पोरगा म्हणतो ५० चाच पण ओआयएसवाला घ्या. कोणाचं ऐकू?
— केळी बागायतदार, सावदा

पोराचं ऐका. ओआयएस म्हणजे आपला हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी सोय, तिचं पुढे अक्कलकुव्याच्या गुरुजींना सविस्तर सांगितलंय. मेगापिक्सेलच्या आकड्यावर का जायचं नाही ते सांगतो, आणि तुम्हाला केळीच्याच हिशोबात सांगतो म्हणजे लगेच बसेल.

५ बाय ५ फुटावर केळी लावली तर एकरी १७४२ झाडं बसतात. आता कोणी म्हटलं की मी त्याच एकरात तिप्पट झाडं कोंबतो, तर आकडा मोठा होईल पण घड कसे पडतील ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, ऊन वाटून जाणार. मोबाईलच्या कॅमेऱ्यात आत एक चिप असते, तिला सेन्सर म्हणतात, ती म्हणजे तुमचं शेत, मेगापिक्सेल म्हणजे त्यातली झाडं, आणि ऊन म्हणजे उजेड. दुकानदार तुम्हाला झाडं मोजून दाखवतोय, शेत किती एकर आहे ते सांगतच नाहीये.

शेताचं माप कुठे बघायचं? फोनच्या माहितीत सेन्सर साइज म्हणून १/१.५६ इंच किंवा १/२.७६ इंच असं काहीतरी लिहिलेलं असतं. यात खालचा आकडा जेवढा लहान तेवढा सेन्सर मोठा, इथेच लोक उलटं समजतात. आता बघा, सोनीचा आयएमएक्स ७६६ नावाचा सेन्सर ५० मेगापिक्सेलचा आहे आणि सॅमसंगचा जेएन१ पण ५० मेगापिक्सेलचाच, खोक्यावर दोघांनाही "५० एमपी" एवढंच लिहितात. पण पहिला १/१.५६ इंचाचा, दुसरा १/२.७६ चा, म्हणजे पहिल्याचं क्षेत्र जवळजवळ तिप्पट. दुपारी बारा वाजता बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोत दोघांत फारसा फरक दिसणार नाही. संध्याकाळी बागेच्या आत, पानांच्या सावलीत गेलात की लगेच दिसेल.

आणि १०८ चं म्हणाल तर तो वाईटच असतो असं मी म्हणत नाही, काही १०८ चे सेन्सर चांगले मोठे आहेत. पण तुम्ही साधा फोटो काढला की तो १०८ चा निघतच नाही. बहुतेक असे फोन ९-९ पिक्सेल जोडून त्यांचा एक करतात आणि तुमच्या गॅलरीत १२ मेगापिक्सेलचा फोटो येतो. ५० वाला ४-४ जोडतो, त्याचाही साडेबाराच्या आसपासचाच येतो. म्हणजे हातात पडतं तेवढंच! हे जोडणं म्हणजे फसवणूक नाही बरं का, चांगली गोष्ट आहे, अंधारात त्यानेच फोटो स्वच्छ येतो. २०१२ साली नोकियाचा ८०८ नावाचा फोन आला होता ४१ मेगापिक्सेलचा, तोसुद्धा मुळात ५ मेगापिक्सेलचाच फोटो द्यायचा, पिक्सेल एकत्र करून, आणि काय सुंदर द्यायचा. तेव्हा "डबल आहे" हे दुकानदाराचं म्हणणं डोक्यातून काढून टाका.

आता तुमच्या मुख्य कामाचं. पानाचा फोटो.

मागच्या पावसाळ्यात रावेरकडे आमच्या साडूंच्या बागेत मी तीन फोन घेऊन गेलो होतो. एका झाडाच्या कोवळ्या पानावर फिक्या पिवळ्या रेघा होत्या, साडूंना सीएमव्ही रोगाची भीती. एकाच पानाचे तिन्ही फोनने फोटो काढले. एका फोनमध्ये कॅमेऱ्याच्या वर ते "एआय" लिहिलेलं बटन चालू होतं, त्याने बघितलं की अरे ही झाडी आहे, आणि सगळं पान असं पोपटी हिरवंगार करून टाकलं की रेघा जवळपास पुसल्याच गेल्या. फोटो दिसायला सगळ्यात देखणा तोच! तो फोटो ग्रुपवर गेला असता तर समोरचा माणूस म्हणाला असता पान निरोगी आहे. बटन बंद केलं, त्याच फोनने परत काढला, रेघा दिसल्या. सीएमव्ही म्हणजे व्हायरस, तिथे झाड वेळेत ओळखून उपटावं लागतं, नाहीतर मावा तो रोग शेजारच्या झाडावर नेतो, अशा वेळी रंग खरा दिसणं हीच कॅमेऱ्याची किंमत. करप्याचंही तेच, सुरुवातीचे ठिपके इतके बारीक असतात की फोटोने जरा गुळगुळीत केलं की संपलं. व्यापाऱ्याला पाठवायच्या घडालाही हाच नियम, फोटोत माल जास्त हिरवा दिसला आणि गाडी भरताना वेगळा निघाला की भावावरून कटकट होते.

तर तुम्ही फोन घ्यायला जाताना एक केळीचं पान सोबत न्या, खरंच न्या, हसले तर हसू द्या. एआय बंद करून फोटो काढा, पान स्क्रीनशेजारी धरा, रंग जुळतो का बघा. जवळून काढायला "मॅक्रो" म्हणून जो २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा देतात त्याला हात लावू नका. तो आणि "डेप्थ"वाला २ मेगापिक्सेल हे दोन गोल मागे लावलेले असतात ते चार कॅमेरे मोजून दाखवायला. त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यावर २ एक्स दाबा, वीतभर लांब थांबा आणि पानावर बोट टेकवून फोकस करा. ५० मेगापिक्सेलमधला मधला तुकडा कापून फोन हा फोटो देतो म्हणून तो २ एक्सला फाटत नाही. ५ एक्स, १० एक्स मात्र या बजेटमध्ये फक्त ताणलेला फोटो असतो.

प्रश्न : दादा, मी धुळ्यात कॉलेजला आहे, मास मीडिया करते. पार्टटाइम कामाचे साठवून १६ हजार झालेत. यूट्यूबवर रिव्ह्यू बघून बघून डोकं फिरलं, प्रत्येक जण वेगळं सांगतो. दुकानात दहाच मिनिटं फोन हातात मिळतो, त्यात काय बघू?
— विद्यार्थिनी, धुळे

दहा मिनिटं खूप आहेत ग, फक्त दुकानातला झगमगाट सोडून अंधार शोध. मोबाईलच्या दुकानात छतभर लाइट असतात, तिथे सगळेच फोन गुणी दिसतात.

सगळ्यात आधी लेन्स पूस. ओढणीने नाही, धुतलेल्या मऊ सुती कपड्याने. डेमोच्या फोनला दिवसभर पन्नास जणांची बोटं लागलेली असतात आणि तेलकट लेन्सने काढलेल्या फोटोवरून फोन नापास करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मग कॅमेरा काउंटरच्या खाली धर, जिथे खोकी, वायरी, कोपरा असतो, तिथला एक फोटो काढ. दुसऱ्या फोननेही त्याच जागेचा काढ. आता फोटो मोठा करून बघ, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात का, काळ्या भागात रंगीत मुंग्या आल्यात का, का सगळं तेल लावल्यासारखं चोपडं झालंय. मुंग्या थोड्या असल्या तरी चालतील. चोपडं झालेलं चालणार नाही, कारण त्यात तपशील गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

मग त्याच फोटोवर खालून वर सरकव, म्हणजे माहिती उघडते. त्यात आयएसओ (कमी उजेडातलं चित्र फोनने किती वाढवून उजळलं तो आकडा) आणि शटरचा वेळ (उजेड किती वेळ आत घेतला तो) लिहिलेला असतो. एका फोनने तोच कोपरा आयएसओ ८०० ला काढला आणि दुसऱ्याला ३२०० लागले, तर पहिल्याची लेन्स जास्त उजेड आत घेतेय असं समज, फक्त दोघांचा शटरचा वेळ आणि फोटोचा उजळपणा सारखा आहे ना तेवढं बघ. ही गोष्ट रिव्ह्यूवाले फार कमी सांगतात आणि मला विचारशील तर दुकानात ही परीक्षा जरूर घ्यावी.

आता मैत्रिणीला समोरून चालायला लाव आणि तिचा फोटो काढ. बटन दाबल्यावर फोटो लगेच येतो का, का ती दोन पावलं पुढे गेल्यावर येतो? स्वस्तातल्या फोनमध्ये खरी अडचण इथे असते, सेन्सर चांगला घालतात आणि मागे प्रोसेसर कमजोर देतात, मग फोटो "प्रोसेस" होत बसतो आणि क्षण निघून जातो. तुला पत्रकारितेत जायचं असेल तर मी ही परीक्षा अंधारापेक्षाही वर ठेवेन.

शेवटचं, फोटो त्याच फोनच्या स्क्रीनवर बघून ठरवू नको. अमोलेड स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं. दोन-तीन फोटो क्विक शेअरने नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून स्वतःच्या फोनवर घे आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर निवांत बघ, फोन उद्या घेतला तरी चालतो. एकाच दिवशी ऑफर संपतेय असं सांगितलं तरी घाबरू नको, पुढच्या सणाला परत येते.

व्हिडिओ करणार असशील तर १०८०पी ला चालत चालत अर्धा मिनिट शूट करून बघ आणि आवाज कानाला लावून ऐक. फोर केचा मोह असेल तर हिशोब कर, ३० फ्रेमचा फोर के व्हिडिओ मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी खातो, १२८ जीबीचा फोन एका गॅदरिंगमध्ये भरेल.

प्रश्न : जळगावात सराफाकडे कामाला आहे, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकांना दागिन्यांचे फोटो मीच पाठवतो. मोबाईल २२ हजारांचा आहे तरी फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि सोनं कधी लालसर तर कधी पितळेसारखं दिसतं. मोबाईल बदलू का?
— जळगाव

बदलू नका. पट्टे मोबाईलचे नाहीत, लाइटचे आहेत.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही. मोबाईलचा सेन्सर मात्र चित्र एका दमात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, मग ज्या ओळी लाइट मंद असताना वाचल्या गेल्या त्यांचा काळा पट्टा होतो. शोकेसमध्ये उजेड भरपूर असल्यामुळे शटर फार जोरात चालतं, त्याने पट्टे आणखी गडद. उपाय म्हणजे प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, आयएसओ कमीत कमी करा आणि मोबाईल कशाला तरी टेकवून धरा. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ करा.

रंगाचं कारण म्हणजे दुकानात वर पिवळे लाइट, शोकेसला पांढरे, दारातून ऊन, तिन्ही एकदम पडतात, त्यात खाली लाल मखमल. कॅमेऱ्याने यातलं पांढरं कशाला मानायचं? एकच उजेड ठेवा. सकाळी दुकान उघडल्यावर दाराजवळ, जिथे थेट ऊन येत नाही अशा ठिकाणी टेबल लावा, दागिन्याखाली पांढरा किंवा राखाडी कागद अंथरा, दुसऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावलीचा भाग उजळतो. लाइट सगळे बंद. फ्लॅश तर कधीच नाही, सोन्यावर पांढरा डाग पडतो आणि नक्षी गायब होते. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एकदा तिथे लावून ठेवला की रोज रंग सारखा येईल.

टेबलावर फोटो काढणं हे आपल्या खान्देशात कोणी हलकं समजू नये. चाळीसगावच्या केकी मूस यांनी (१९१२–१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीत जगभर नाव कमावलं, घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यातून अख्खी दृश्यं उभी केली. चाळीसगाव स्टेशनच्या जवळच त्यांचं कलादालन आहे, तुम्ही रोज टेबलावरच फोटो काढता तर एकदा सुट्टीच्या दिवशी जाऊन याच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकेका फोटोपुढे पाच-पाच मिनिटं उभा होतो, घरी येऊन माझ्या स्टुडिओतले दोन लाइट काढून टाकले.

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यात शिक्षक आहे. काठी गावच्या होळीचे फोटो दरवर्षी काढतो, पण नाचणारे सगळे पुसट येतात. ओआयएस असलेला फोन घेतला तर हा प्रॉब्लेम जाईल ना? बजेट २० हजार.
— अक्कलकुवा

गुरुजी, पूर्ण नाही जाणार, आणि हे तुम्ही पैसे भरायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

ओआयएसमध्ये लेन्स बारीक स्प्रिंगवर तरंगती ठेवलेली असते, तुमचा हात हलला की ती उलट दिशेला सरकते. म्हणजे ते तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं. समोर नाचणारा माणूस हलतोय त्याला ते काहीच करू शकत नाही. नाइट मोडचंही तसंच, तो दोन-तीन सेकंद बरेच फोटो घेऊन एकावर एक बसवतो, त्यात डोंगर, झाडं, उभी माणसं छान येतात, पण कमरेला घुंगरू बांधून, मोरपिसांचा टोप घालून जो गोल गोल फिरतोय त्याचं भूत होतं.

नाचणाऱ्यासाठी शटर निदान १/१२५ तरी पाहिजे, आणि तेवढ्या थोड्या वेळात पुरेसा उजेड आत यायला मोठा सेन्सर आणि एफ १.८ किंवा त्याहून लहान आकड्याची लेन्स (आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं). म्हणून तुमच्यासाठी क्रम असा : आधी सेन्सरचं माप, मग प्रो मोडमध्ये शटर हाताने लावता येतं का ते, मग ओआयएस. अल्ट्रावाइड कॅमेरा तर रात्री वापरूच नका, या किमतीत तो बहुधा ८ मेगापिक्सेलचा आणि बारीक सेन्सरचा असतो, गर्दी मावते म्हणून आपण तो लावतो आणि सगळा चिखल होतो. एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. काठीला होळी पहाटे पेटते, तेव्हा पेटायच्या आधी अंधारात धडपडण्यापेक्षा पेटल्यावर जाळ नाचणाऱ्यांच्या तोंडावर पडेल अशा बाजूला उभे राहा आणि गिरकी घेऊन क्षणभर थबकतात तेव्हा बटन दाबा. आणि थोडं थांबा, झुंजूमुंजू होतंच, त्या पंधरा-वीस मिनिटांत मागे आभाळ निळं, पुढे जाळ तांबडा आणि अंगावरचे पांढरे ठिपके स्पष्ट, असा उजेड वर्षातून एकदाच मिळतो, तेव्हा तुमचा आत्ताचा फोनसुद्धा चालेल. जवळून काढताना आधी विचारा मात्र, तुम्हाला गावात सगळे ओळखतात तरी विचारा, कारण त्यातल्या कित्येकांचं ते व्रत असतं.

ओआयएसचा फोन घेतलात तर तो मोटरसायकलच्या हँडलला स्टँडवर लावून तोरणमाळचा घाट चढू नका. मोठ्या मोटरसायकलच्या सततच्या थरथरण्याने ओआयएस आणि फोकस बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये आपल्या आयफोनबद्दल जाहीर सांगितलं होतं, आणि तरंगती लेन्स इतर ओआयएसवाल्या फोनमध्येही असते. खिशात ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात लग्नात व्हिडिओ काढताना मोबाईल "तापलाय" म्हणतो आणि कॅमेरा बंद होतो. कंपनीचा दोष का?
— भुसावळ

भुसावळच्या मेमध्ये माणूस बंद पडतो, फोन काय! बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे ४५ जातं. जाड कव्हर काढा, चार्जिंग करत शूट करू नका, फोर के सोडून १०८०पी लावा, स्क्रीनचा उजेड कमी करा, मधे मधे मांडवात पंख्यापुढे धरा. फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, आत दव जमतं. घेतानाच बघायचं असेल तर दुकानात सलग दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवून मागून हात लावून बघा.

प्रश्न : १७ हजारांत नवीन घेण्यापेक्षा तीन वर्षांपूर्वीचा महागडा फोन सेकंडहँड घेतला तर कॅमेरा चांगला मिळेल का?
— अमळनेर

कॅमेरा बहुतेक वेळा चांगलाच मिळेल, अगदी खरं सांगायचं तर फोटोपुरतं बघितलं तर मी स्वतः तेच करेन. धोका इतर गोष्टींत आहे. माझ्या एका मित्राने असाच घेतला, फोटो एक नंबर, पण बॅटरी दुपारी दोनला संपायची आणि सहा महिन्यांत कंपनीचे अपडेट बंद झाले, मग बँकेच्या ॲपची काळजी.

घेताना पांढऱ्या भिंतीचा आणि मग निळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, दोन्हीत एकाच जागी डाग आला तर लेन्सवर किंवा आत धूळ-बुरशी आहे. कॅमेरा चालू करून फोन कानाजवळ धरा, सतत गुरगुर येत असेल किंवा चित्र आपोआप थरथरत असेल तर ओआयएस गेलेला आहे, सोडून द्या. फोन बंद असताना हलवला की हलका खडखड आवाज येतो त्याची काळजी नको, तो तरंगत्या लेन्सचा असतो. मग स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय नंबर घ्या, मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असं लिहून १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथीची ही सोय आहे, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, ओळखीचा असला तरी.

जिनिंगमध्ये किंवा शेतात काम असेल तर आणखी एक बघा, फोनच्या माहितीत आयपी (धूळ-पाणी किती अडतं त्याचं माप) याच्या पुढे दोन आकडे असतात त्यातला पहिला धुळीचा. ६ असेल तर धूळ आत जात नाही, ५ असेल तर थोडी जाते. कापसाची बारीक तूस कॅमेऱ्याच्या काचेमागे गेलेली मी पाहिली आहे, ती काढायला फोन उघडावाच लागतो.

प्रश्न : माझं वय ७४. नातवाने नवा मोबाईल घेतला, कानबाईच्या रोटाच्या दिवशी माझा फोटो काढला. मी त्याला म्हटलं, "मोबाईल तर भारी शे, पण हाई मी शे का?" तोंडावर एक सुरकुती नाही, गोंदण गेलं, रंग उजळ. सगळे म्हणतात छान आलाय. मला घरात लावायला मोठा फोटो पाहिजे, पण माझा पाहिजे. नातू म्हणतो कॅमेराच असा आहे.
— एरंडोलजवळून, नातीच्या हातून लिहून

आजी, कॅमेरा तसा नाही. त्यात ब्युटी नावाचं सेटिंग कंपनीने आधीच चालू करून दिलेलं असतं, नातवाला ते माहीत नसेल. त्याला सांगा, कॅमेरा उघड, पोर्ट्रेटमध्ये जा, तिथे चेहऱ्याचं किंवा जादूच्या कांडीचं चिन्ह असेल ते दाब आणि सगळे आकडे शून्यावर आण. फिल्टर "नन", एआय बंद. काही फोन शून्यावर आणलं तरी थोडं चोपडतातच, तसं झालं तर पोर्ट्रेट सोडून साध्या फोटो मोडमध्ये २ एक्स लावून काढायला सांगा. अगदी जवळून १ एक्सने काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, म्हणून चार-पाच फूट लांब उभं राहून २ एक्स.

फोन घेणाऱ्या सगळ्यांनी ही आजींची तक्रार लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. दुकानात सेल्फी काढून फोन पसंत करतात आणि ज्या फोनमध्ये आपण गोरे दिसलो तो "चांगल्या कॅमेऱ्याचा" ठरतो. तसं करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढून बघा. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके, हातावरच्या शिरा, जरीच्या काठाचा धागा हे जो फोन जसंच्या तसं देईल तो घ्या.

आता मोठ्या फोटोचं. आजी, सकाळी नऊच्या आसपास ओसरीत बसा, उजेड एका बाजूने तोंडावर येऊ द्या, ऊन अंगावर नको. मागे घरातला अंधार असला तरी चालेल, उलट छान दिसेल. नातवाला म्हणावं एक नाही, वीस फोटो काढ, आणि तुम्ही बोलत राहा, "हस" म्हटल्यावर हसू नका. त्यातला तुम्हाला जो आपला वाटेल तोच निवडा, इतरांना विचारू नका. भिंतीवर लावायला ८ बाय १२ इंच पुरतो, त्याला साडेआठ-नऊ मेगापिक्सेल लागतात आणि तुमच्या नातवाच्या फोनचा साधा फोटो १२ चा आहे, म्हणजे भरपूर झालं. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक होतो, तेव्हा नातीला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि खाली लिही की चेहऱ्याला हात लावायचा नाही, सुरकुत्या ठेवायच्या, मॅट कागदावर प्रिंट पाहिजे.